हँडलला हँडल

वृंदाबाई चौगुले हळू झाल्या आहेत, ही बातमी त्यांना स्वतःला सोडून बाकी सगळ्यांना आधी कळली. सकाळी साडेआठची वेळ. त्या भडंगासाठी कढईत लसूण तळत होत्या आणि त्यांचा मुलगा मिहिर स्वयंपाकघराच्या दारात मोबाइल धरून उभा होता. लसूण करपायला आला तरी तो तोंड उघडेना, तेव्हा वृंदाबाईंनी शेगडी बंद केली.

"आई, तुला हल्ली चक्कर वगैरे येते का गं?"

"अजून आली नाही. तुझं तोंड बघून आता येईल."

मिहिरनं मोबाइल पुढे केला. श्रीमती वृंदा चौगुले, वय सदुसष्ट, यांचा स्ववेग अठरा महिन्यांत ताशी साडेचौदा किलोमीटरवरून दहा पूर्णांक आठवर आला आहे. कृपया मिरजेच्या केंद्रावर तपासणी करून घ्यावी. तोपर्यंत त्यांना शहरसायकल मिळणार नाही. खाली कसलीशी गोड शुभेच्छा होती.

वृंदाबाईंनी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला होता. त्यांनी पहिली शंका काढली ती वाऱ्याची. पुलावर पश्चिमेचा वारा कसा तोंडावर येतो, तो यांनी धरलाय का, असं त्यांनी विचारलं. मिहिर म्हणाला की वारा, चढ, सिग्नल सगळं वजा करूनच हा आकडा निघतो. त्याचा आवाज इतका मऊ झाला होता की त्यांना पहिल्यांदाच थोडी भीती वाटली.

सांगलीच्या जुन्या भागात मोटारी बंद होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. चौकाचौकात शहरसायकलींचे थांबे होते. अंगठा टेकवला की सायकल सुटायची. तिच्या मागच्या चाकाच्या आसाजवळ काडेपेटीएवढं एक यंत्र असे, त्याला सगळे डबीच म्हणत. आधी ती नुसती चोरी होऊ नये म्हणून बसवली होती. पुढे तिला पॅडलवरचा जोर कळायला लागला, रस्त्याचा चढउतार कळायला लागला, वाऱ्याची माहिती वरून मिळायला लागली. मग मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात डॉ. निलोफर तांबोळी नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी अशा दहा लाख फेऱ्या घेऊन त्यांचा कीस पाडला.

त्यांना सापडलं ते तसं साधंच होतं. शहरातल्या फेरीत सायकलचा सरासरी वेग किती पडतो, हे शहर, वारा आणि माणूस यांच्यावर ठरतं. शहर आणि वारा वजा केले की उरतो तो माणसाचा स्वतःचा वेग, म्हणजे स्ववेग. शर्यतीत माणूस जीव तोडून चालवतो. पण रोज भाजीला, बँकेत, वाचनालयात जाताना शरीर असा वेग पकडतं की धाप लागू नये आणि तोंडानं बोलताही यावं. तो वेग मेंदू ठरवतो, मालकाला न विचारता. म्हणून तो भलताच हट्टी असतो. एखाद्या दिवशी पुढेमागे होईल, पण महिन्याची सरासरी काढली की आकडा पुन्हा तिथल्या तिथे. वयाबरोबर तो घटतो, पण वर्षाला ताशी शंभर-दीडशे मीटर, त्याहून जास्त नाही.

ज्यांचा तो दीडदोन वर्षांत तीन किलोमीटरच्या वर घसरला, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे चारपाच वर्षांनी कंपवात झाला होता. या दुखण्यात हालचाली सुरळीत ठेवणाऱ्या मेंदूतल्या पेशी गुपचूप मरत जातात. हाताची थरथर दिसते तोवर निम्म्याहून जास्त गेलेल्या असतात. सायकलवर मात्र चोर आधीच पकडला जातो. सिग्नल सुटल्यावर पहिलं पॅडल मारायला अर्धा सेकंद उशीर होतो, आणि पुढे जोर एकसारखा लागत नाही. आता त्यावर औषधही निघालं होतं. गेलेल्या पेशी ते परत आणत नव्हतं, पण उरलेल्या राखत होतं. अट एकच, की थरथर सुरू व्हायच्या आत ते सुरू व्हायला हवं. नंतर दिलं तर त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणजे मिहिर घाबरला त्यात त्याची चूक नव्हती. तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. त्या तीन आठवड्यांत त्यानं आईला काचेच्या भांड्यासारखं वागवलं. बाहेर जायचं तर बॅटरीची रिक्षा बोलवायचा, चहाचा कप अर्धाच भरून द्यायचा. वृंदाबाईंना राग येई. पण तो गेला की त्या स्वतःच हात समोर धरून बोटांकडे बघत बसत. एकदा चमचा खाली पडला तर त्यांनी तो उचललाच नाही, त्याच्याकडे बघत राहिल्या. किराण्याच्या यादीतलं आपलं अक्षर या दुखण्यानं बारीक व्हायला लागलंय की काय, म्हणून त्यांनी जुनी वही काढून ताडून पाहिलं. माणूस स्वतःच्या अंगात दुखणं शोधायला बसला की त्याला ते मिळतंच.

हेमाला त्यांनी काही सांगितलं नाही.

हेमलता सोनटक्के म्हणजे त्याच शाळेतल्या खेळाच्या बाई. पलीकडच्याच गल्लीत राहायच्या. गेली चाळीस वर्षं या दोघी सकाळी बरोबर सायकल चालवत आल्या होत्या. आधी शाळेला, आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेतून निघून राममंदिर, टिळक चौक करत आयर्विन पुलापर्यंत आणि परत. बाकी कुठे जायचं तर वृंदाबाई चालत जात. अंगठा टेकवून सायकल काढायची ती फक्त या फेरीसाठी. हेमाबाई शहरसायकलला हात लावत नसत. त्यांची तीस वर्षांची हिरवी लेडीज सायकल होती, आणि तिचं ब्रेकपासून पंक्चरपर्यंत सगळं त्या स्वतः करत. गळ्यात शाळेतलं स्टॉपवॉच असे, तेही अजून काढलेलं नव्हतं.

फेरीचा कायदा ठरलेला होता. पहिल्याच वर्षी एक दुधाचा टेम्पो हेमाबाईंना घासून गेला, तेव्हापासून रस्त्याच्या बाजूला वृंदाबाई आणि कडेला हेमाबाई. आणि हँडलला हँडल. कुणी पुढे जायचं नाही, कुणी मागे राहायचं नाही, कारण हेमाबाईंच्या गप्पांना खंड पडलेला चालत नसे. सिग्नलला दोघी थांबत, हेमाबाई निघाल्या की वृंदाबाई निघत. शाळेतल्या मुली त्यांची नक्कल करायच्या, दोन खुर्च्या शेजारी ठेवून.

तर सूचना आली त्याच दिवशी हेमाबाईंची घंटी दारात वाजली आणि वृंदाबाईंनी गॅलरीतून सांगितलं की गुडघा धरलाय. हेमाबाई सायकल लावून वर आल्या, भडंगाची वाटी पुढ्यात ओढली आणि म्हणाल्या, "बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? वर्ष झालं बघायलीय मी. रेंगाळतीस तू. मी म्हटलं, वृंदीचं काहीतरी दुखतंय, पण सांगणार नाही ती."

वृंदाबाईंनी हातातला भडंग वाटीत परत टाकला. डबीचं एक वेळ चुकेल, पण या बाईनं तीस वर्षं स्टॉपवॉच घेऊन मुली पळवल्या होत्या. तिच्याही लक्षात आलंय म्हणजे आता खरंच आहे. त्या दुपारी त्या न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. मरणाची भीती नव्हती. उद्या हात थरथरायला लागले की हेमाच्या शेजारून जाता येणार नाही, याचं रडू होतं.

केंद्रातल्या डॉ. तांबोळी पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी डोक्याची छायाचित्रं काढली, बोटं टेकवायला लावली, चालायला लावलं. मग आठवडाभरासाठी एक शहरसायकल दिली आणि सांगितलं की रोज याच रस्त्यानं जायचं, पण एकटीनं. सोबत कुणी असलं की माणूस आपल्या चालीनं चालत नाही. हे त्यांनी सगळ्यांनाच सांगायचं म्हणून सांगितलं आणि वृंदाबाईंनीही तसंच ऐकलं.

एकटीनं जाताना त्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. टिळक चौक फार लवकर आला. रोज तिथं येईतो हेमाबाईंच्या भाचीच्या लग्नाची एक पूर्ण हकीकत होऊन वर जावयाचं वर्णनही व्हायचं. गप्पा नाहीत म्हणून रस्ता आखूड वाटतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की छायाचित्रं स्वच्छ आहेत आणि आठवड्याचा स्ववेग आहे चौदा पूर्णांक चार. मिहिरनं तिथंच आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मग लाजून पेढे आणायला धावला. आता फक्त एक रकाना भरायचा राहिला होता, वेग का घटला होता त्याचा. डबीत दोष, ओझं, दुखापत, आजार, अन्य.

"डबी मी तपासून घेतली, ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी अठरा महिन्यांचा आलेख पडद्यावर लावला. "हे मला सुटत नाही, बाई. असा उतार उगाच मिळत नाही. सायकल दुसरं कुणी नेत होतं का?"

"माझ्या अंगठ्याशिवाय ती सुटत नाही."

वृंदाबाई आलेखाजवळ गेल्या. नकाशा वाचणाऱ्या बाई त्या, रेघ दिसली की तिच्यामागची जमीन शोधायची त्यांना सवय. उतार सरळ होता, एकसारखा. खाली सिग्नलांचे ठिपके होते, प्रत्येक सिग्नलला निघायला झालेला उशीर. दीड वर्षापूर्वी पाव सेकंद, मग अर्धा, आता जवळजवळ पाऊण. वृंदाबाईंनी प्रत्येक सिग्नलला काय केलं होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांचा पाय पॅडलवर तयार असे. हेमा निघायची त्या वाट बघत. हेमा निघाली की त्या निघत.

डबीनं मोजलं होतं ते बरोबरच होतं. तो उतार हेमाचा होता.

त्यांनी डॉक्टरांना त्या वेळी काही सांगितलं नाही. हेमाला कळायच्या आत दुसऱ्या कुणाला कळावं, हे त्यांना पटेना. रकान्याचं उद्या बघू म्हणाल्या. मिहिरनं आणलेला पेढा त्यांनी खाल्ला. तो गोड होता की कसा ते त्यांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी पुलावर गेल्या. मोटारी बंद झाल्यापासून पूल सायकलवाल्यांचाच होता. रस्ताभर वृंदाबाई हँडलला हँडल ठेवून होत्या आणि त्यासाठी आपण किती वेळा पाय नुसते सोडून देतो, कितीदा ब्रेकला बोट लावतो, ते आज मोजत होत्या. इतकी वर्षं हे हात आपोआप करत होते. पुलाच्या तोंडाशी त्या उतरल्या आणि सगळं सांगितलं. सूचना, तपासणी, आलेख, औषध आणि औषधाची अट, काहीच गाळलं नाही. हेमाबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या हसल्या.

"अगं खुळे, हळू तर मी तुझ्यासाठी चालवते. तुझा गुडघा."

"माझा गुडघा कधीच दुखत नव्हता. मी तुझ्यासाठी हळू चालवत होते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खरं सांगायचं तर ते दोघींनाही आत्ताच, बोलता बोलता कळत होतं. दोघी दीड वर्ष एकमेकींची काळजी घेत होत्या आणि त्यातलं दुखणं एकीचंच खरं होतं.

हेमाबाईंनी गळ्यातलं स्टॉपवॉच पुढे ओढलं. डबीला काय कळतंय, म्हणाल्या, हे सांगेल. पूल या टोकापासून त्या टोकापर्यंत अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी अठ्ठावन्न सेकंदांत काढला होता. निवृत्तीच्या दिवशी, मुलींसमोर. आज पाचसात सेकंद वर जातील, वय झालं. तू माझ्या मागनं ये, शेजारी नको, असं बजावून त्यांनी बटण दाबलं.

पहिलं पॅडल बसलं नाही. पाय परत खाली आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सायकल हलली.

चाळीस वर्षांत वृंदाबाईंनी हेमाला मागून कधी पाहिलंच नव्हतं. शेजारून दिसायचा तो चेहरा, बोलणारा, हसणारा, पूर्वीचाच. मागून दिसत होता तो डावा खांदा खाली आलेला होता. डावं कोपर बरगडीला चिकटून बसलं होतं. डावा पाय पॅडलच्या कडेवर घसरत होता आणि दर दोन फेऱ्यांनी तो सरळ करून घ्यावा लागत होता. मैदानावर शिट्टी फुंकत मुलींच्या पुढे धावणारी हेमा जीव खाऊन पॅडल मारत होती, आणि मागे वृंदाबाई ब्रेक धरून चालल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि एक हात सोडून ते पुसलं तरी चालेल इतकी सायकल हळू होती.

पलीकडच्या टोकाला हेमाबाईंनी बटण दाबलं, आकडा पाहिला आणि स्टॉपवॉच कानाशी नेऊन हलवलं.

"एक मिनिट चव्वेचाळीस. बिघडलंय हे."

मग त्यांनी वृंदाबाईंना पलीकडे जाऊन परत यायला लावलं. येताना वेळ त्या स्वतः घेणार होत्या, पलीकडून हात वर झाला की सुरू. वृंदाबाईंच्या मनात आलं की हळू जावं. तीनशे पावलांचा पूल, रेंगाळायला काय लागतं? पण पलीकडे हेमा स्टॉपवॉच घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर आजवर एकाही मुलीचं कमी पळून फसवणं चाललं नव्हतं. वृंदाबाई सगळा जोर लावून आल्या.

हेमाबाईंनी आकडा दोनदा वाचला. एक मिनिट तीन सेकंद.

"घड्याळ बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि कठड्याला टेकल्या.

खाली कृष्णेचं पाणी संथ होतं. दोन शाळकरी मुली हसत पुलावरून गेल्या, हँडलला हँडल लावून. हेमाबाईंनी विचारलं की हे किती दिवसांचं, आणि वृंदाबाईंनी सांगितलं, दीड वर्ष.

"आणि तुझ्या लक्षात आलं नाही."

"नाही आलं. तू जितकी हळू झालीस तितकीच मी झाले गं. मला कसं दिसणार?"

हे बोलताना वृंदाबाईंना स्वतःची विलक्षण चीड आली. सोबत सोबत म्हणून त्या इतक्या जवळ राहिल्या होत्या, की एकदा तरी मागे राहून बघावं हे सुचलंच नाही.

हेमाबाईंनी दोन्ही हात समोर धरले, तळवे खाली, प्रार्थनेनंतर त्या मुलींची नखं तपासायच्या तसे. दोघींनी त्या बोटांकडे पाहिलं. वाऱ्यानं पदर हलत होता. बोटं हलत नव्हती.

"थरथरत नाहीत," हेमाबाई म्हणाल्या.

"नाही थरथरत."

"मग चल की मिरजेला. आणि रिक्षा बोलवलीस तर याद राख, मी सायकलवरनंच जाणार. वेळ लागेल."

"लागू दे," वृंदाबाई म्हणाल्या.

त्यांना पोचायला सव्वा तास लागला. डॉ. तांबोळींनी तपासलं, छायाचित्रं पाहिली आणि लपवाछपवी न करता सांगितलं की बरंच गेलंय, पण वेळ गेलेली नाही. आणखी सहा महिने उशीर झाला असता तर मग नुसतंच बघत बसावं लागलं असतं. पहिला डोस त्याच आठवड्यात दिला. आता दर महिन्याला हेमाबाईंचा स्ववेग मोजायचा, म्हणजे औषध लागू पडतंय की नाही ते कळेल. त्यासाठी त्यांनी शहरसायकल वापरायला हवी, असं डॉक्टरांनी सांगितलं. हेमाबाई म्हणाल्या, औषध टोचा, काय वाटेल ते करा, पण सायकल माझीच. निदान तिच्या चाकाला डबी बसवू द्या म्हटलं, तर त्यालाही नाही. डॉक्टरांनी अर्धा तास घालवला. खेळाच्या बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही.

शेवटी वृंदाबाईंनी आपला तो राहिलेला रकाना मागून घेतला. 'अन्य'समोर त्यांनी लिहिलं, सोबत होती. आणि खाली हेमाचं पूर्ण नाव. डॉक्टरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि दोन नोंदी एकमेकींना जोडून टाकल्या. आता वृंदाबाईंच्या डबीचा आकडा हेमाबाईंचा म्हणून लागणार होता.

याला आता आठ महिने झाले. दर एक तारखेला मिहिरच्या मोबाइलवर सूचना येते आणि तो ती स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वाचतो.

"आई, दहा पूर्णांक सहा."

"मागच्या महिन्यात?"

"दहा पूर्णांक सहा."

"त्याच्या मागच्या?"

मिहिरला पाठ आहे. तरी तो मोबाइलमध्ये बघतो, कारण आईला त्यानं बघून सांगितलेलं हवं असतं. दहा पूर्णांक सात, तो सांगतो. आकडा वर जात नाही, जाणारही नाही, डॉक्टरांनी ते आधीच सांगितलंय. पण तो खालीही जात नाही. वृंदाबाई भडंग दोन डब्यांत भरतात आणि त्यांच्या डोळ्यांत येतं ते लसणानं नव्हे, हे मिहिरलाही कळतं.

खाली घंटी वाजते. वृंदाबाई चौकातल्या थांब्यावर अंगठा टेकवून सायकल काढतात आणि रस्त्याच्या बाजूला लावून उभ्या राहतात. आता पुलावर पोचलं की त्या रोज एकदा मुद्दाम मागे राहतात, दहावीस पावलं, हेमाचा खांदा आणि पाय नीट बघून घेतात आणि मग गाठतात. हेमाबाईंना ते माहीत आहे. त्या तेवढा वेळ गप्पा थांबवतात.

"बघून झालं?" त्या विचारतात.

"झालं."

आणि पुढचा सगळा रस्ता दोघी हँडलला हँडल लावून, ताशी दहा पूर्णांक सहा किलोमीटरनं जातात.